एका वर्षाला एकच गेम

आमच्या सासूबाई व्हिडिओ गेम खेळतात हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, घर स्वतःचं, सासू कष्टाळू, एवढंच कानावर आलं होतं. कष्टाळू तर होत्याच. घराखालीच त्यांचं फोटोंच्या फ्रेमांचं दुकान होतं आणि दिवसभर उभ्याने लाकडी पट्ट्या कापायच्या. पण लग्नानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, तर या बाई केसांत भुसा घेऊन सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या, आणि टीव्हीतल्या एका राक्षसाशी कडाकडा भांडतायत. "ये मेल्या, ये! आता कुठे पळतोस?" मी कप धरून उभीच. मान न वळवता म्हणाल्या, "ठेव गं तिथे. हा मेला की पिते."

तो मेला तोवर चहा गार झाला होता. तसाच घटाघटा प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "तुला येतं का काही यातलं?" मी नाही म्हटलं. "शिकशील," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, माझी खेटरं शिकतात!

हे वेड मुळात त्यांचं नव्हतंच. आमचे हे लहानपणी दिवसभर उंडारायचे, म्हणून सासऱ्यांनी कुणाचं तरी वापरलेलं गेमचं मशीन घरी आणलं. सासरे बस चालवायचे, घरी कमीच असायचे. ह्यांचं वेड महिन्या-दोन महिन्यांत उतरलं आणि मशीन धूळ खात पडलं. "तुझ्या सासूने ते पुसायला म्हणून हातात घेतलं," सासरे सांगायचे, "ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही."

पण त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमापुढे मी हळूहळू हात टेकले. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करायच्या. वर्षभरात खेळलेले सगळे गेम टेबलावर मांडायच्या आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवायच्या. मग त्यातला एकच निवडायच्या, त्या वर्षाचा. तो का निवडला ते एका वाक्यात सांगायच्या आणि त्या गेमची डबी फळीवर ठेवायच्या. फळी त्यांनी स्वतःच फ्रेमच्या उरलेल्या पट्ट्यांची केली होती. बाकीचे गेम दुसऱ्या दिवशी बाजारातल्या जुन्या गेमच्या दुकानात परत जायचे आणि त्यांच्या बदल्यात दुसरे जुने यायचे. नव्या गेमला त्यांनी जन्मात हात लावला नाही. "लोकांची हौस फिटू दे," म्हणायच्या. "मला काय घाई?"

माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी एक मासे धरायचा गेम निवडला. नुसतं तळं आणि गळ. मी नवी नवरी असून तोंड उघडलंच. म्हटलं, "आई, तो चोर पकडायचा गेम किती छान होता! चित्रं तर बघा त्यातली." तर म्हणाल्या, "चित्रं छानच आहेत गं, पण आपलं वर्ष कुठंय त्यात? या तळ्याकाठी तू येऊन बसायचीस. घाबरलेली असायचीस, बोलायची नाहीस, पण बसायचीस." मी आपली उठून आत गेले. डोळ्यांत पाणी आलेलं मला कुणाला दाखवायचं नव्हतं. या बाईंचं सगळं लक्ष टीव्हीत असतं असं मी वर्षभर समजत होते!

डब्यांवर वर्ष मात्र कधी लिहायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "निदान चिठ्ठ्या तरी चिकटवा." तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की बस. "स्वतःच्या पोरांना कुणी चिठ्ठ्या चिकटवतं का?"

आणि मग या वर्षी दुकानात काच कापता कापता त्या खाली बसल्या. झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे एक शब्द राहिला, 'खिडकी'. पाणी हवं तरी खिडकी, नको तरी खिडकी. ह्यांनी दवाखान्यात पलंगाशी वाकून विचारलं, "आई, मी कोण?" त्या नीट ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "खिडकी." एरवी आम्ही पोट धरधरून हसलो असतो. हे बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, आत किती शाबूत आहे ते सांगता येणार नाही. अशा पेशंटना ठेवून घेणारं एक केंद्र होतं, शहराबाहेर. तिथे एक जागा रिकामी झाली होती आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. हे म्हणाले, "तिला आपण कोण तेच कळत नसेल तर घरी काय आणि तिथे काय? तिथे निदान नर्स आहेत." मी भांडले. पण भांडायला हातात काही पुरावा नको का? त्यांना सगळं कळतं असं मला वाटत होतं, आणि नुसतं वाटून काय उपयोग?

शनिवारी त्यांना घरी आणलं. नेमका त्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीतला पाइप फुटला होता, आणि प्लंबरने फळीवरचं सगळं काढून कपड्यांच्या टबात कोंबलं होतं. सासूबाईंची खुर्ची आत आली, त्यांनी रिकामी फळी पाहिली आणि असा काही आरडाओरडा केला की शेजारचे डोकावले. "खिडकी! खिडकी!" माझी लेक धावत जाऊन टब घेऊन आली आणि आजीच्या पायाशी ठेवला. आजी एकदम गप्प झाली.

मग डाव्या हाताने त्यांनी एक डबी उचलली. उलटीसुलटी करून पाहिली, मांडीवर ठेवली. दुसरी उचलली. आम्ही खुर्ची फळीला लावून दिली. अख्खी दुपार त्या ते करत होत्या. एक ठेवायच्या, थांबायच्या, काढायच्या, दुसरीकडे लावायच्या. कपाळावर घाम, पण मी हात लावायला गेले की डोळे वटारायच्या. शेवटची डबी लागली तेव्हा मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले.

हे उठले. आता ह्यांची नोकरी सांगायला हवी. औषधांच्या कारखान्यात पाकिटांवरच्या तारखा तपासायच्या, हे ह्यांचं काम. छापलेल्या आकड्यावर ह्यांचा बायकोपेक्षा जास्त विश्वास. ह्यांनी एकेक डबी काढली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि परत सारली. वाचता वाचता चेहरा उतरत गेला. "काही धरबंध नाही," म्हणाले. "आधीचं नंतर, नंतरचं आधी. सगळं गेलंय गं तिचं." सगळ्या डब्या एका बाजूला घट्ट सरकवून ह्यांनी फोन हातात घेतला.

"खिडकी!"

सासूबाईंनी डोळे उघडले होते. पुढे वाकून त्यांनी डाव्या हाताने फळीच्या मध्यावरच्या दोन डब्यांमध्ये बोटं घातली आणि त्या लांब सारल्या. बरोबर एक डबी मावेल एवढी जागा केली. ह्यांनी आपल्या सवयीने ती परत बुजवली, तर ह्यांच्या हातावर फाडकन चापट बसली. परत तेवढीच जागा.

मी जवळ गेले. जागेच्या डावीकडे होता तो बस चालवायचा गेम. तो ज्या वर्षी निवडला, त्या वर्षी सासरे निवृत्त झाले होते. ते शेजारी बसून ओरडायचे, "अगं, ब्रेक असा मारतात का? मागचे प्रवासी पडले असते!" उजवीकडे होता बागेचा गेम. तो लेकीच्या जन्माच्या वर्षीचा. तिची झोप मोडू नये म्हणून आईंनी तो वर्षभर आवाज बंद करून खेळला होता. आणि त्या दोहोंच्या मधल्या वर्षी सासरे गेले. त्या वर्षी आईंनी मशीन लावलंच नव्हतं.

मी ह्यांचा हात धरला. म्हटलं, "अहो, ठेवा तो फोन! ते मागे छापलंय ते कंपनीने गेम काढल्याचं वर्ष. आईंनी कधी नवा गेम घेतलाय का? हे आपल्या घराचं वर्ष आहे. पहिल्यापासून बघा!"

ह्यांनी पहिल्यापासून पाहिलं. या खेपेला डब्या उलटल्या नाहीत, नुसतं बोट फिरवत गेले. "हा माझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हाचा... हा मी नापास झालो तेव्हाचा, मला ओरडली नव्हती, शेजारी बसवून हाच खेळायला लावला... हा तुझा, माशांचा..." बोट त्या रिकाम्या जागेशी येऊन थांबलं.

"बाबा," हे म्हणाले.

"खिडकी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान डोलावली.

एवढं सगळं या बाईंनी डोक्यात जपलं होतं, नवऱ्याचं नसणंसुद्धा, आणि तोंडात शब्द एकच उरला होता. आम्ही त्यांना विचारत होतो, मी कोण!

केंद्राला ह्यांनी सोमवारची वाट न बघता तेव्हाच नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघी मिळून गेमचा एकच रिमोट धरायला लागलो. डावी बाजू त्यांची, चालायची. उजवी माझी, उडी मारायची. लेकीने एक साधासा गेम आणला होता, एका पोरीने छपरांवरून उड्या मारत घरी पोचायचं. त्या अगदी बरोबर कडेला आणून उभं करायच्या आणि मी उडी मारायला उशीर करायचे. धप्पकन खाली. "खिडकी!" या 'खिडकी'चा अर्थ मला चांगला कळायचा, तो इथे लिहिण्यासारखा नाही. ती पोरगी एकदाही घरी पोचली नाही.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही टेबलावर गेम मांडले. लेकीने चांगले चांगले आणले होते, आजीने ते तिच्याबरोबर डाव्या हाताने थोडे थोडे खेळले होते. त्यांनी सगळे बाजूला सारले आणि छपरांवरचा उचलला.

"आई, तो?" मी म्हटलं. "त्यात तर आपण रोज हरलो! तोच का?"

एक वाक्य सांगायचा नियम होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग ती डबी मांडीवर ठेवली, माझा उजवा हात ओढून घेतला आणि त्या डबीवर ठेवून वरून आपल्या डाव्या हाताने दाबून धरला.