वसुलीला येणारे पगारेभाऊ

ज्या माणसाचा फोन आला की माझा नवरा बाथरूममध्ये जाऊन बसायचा, त्या माणसासाठी आज मी रडून आले.

पगारेभाऊ गेले. बसल्या जागी हार्ट अटॅक. वय पन्नासही नव्हतं.

ते आमचे नातेवाईक नव्हते. क्रेडिट कार्डाच्या वसुलीला यायचे.
हो, आमच्याकडे वसुलीवाला यायचा. आता सांगायला लाज वाटत नाही, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी बेल वाजली. दारात हेल्मेट काखेत धरलेला माणूस. माझ्या मागे संदीपचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मी यांच्या कंपनीतला. अंबडला बरोबर असतो."

मी चहा टाकला. ते चहा प्यायले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि निघाले.

जिन्यात ते संदीपला काय म्हणाले, ते मला नंतर कळलं.
"साहेब, तुमच्यासाठी खोटं बोललो. पुढल्या रविवारी नाय बोलणार. तवर वहिनींना तुम्हीच सांगा."

संदीपने शनिवारपर्यंत ताणलं. मग सांगितलं.

एक लाख बारा हजार.

कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाल्यापासून किराणा, मुलीच्या क्लासची फी, गाडीचे टायर, सगळं कार्डावर. आणि दर महिन्याला हा भरायचा काय, तर मिनिमम ड्यू! त्याला वाटायचं, तोच हप्ता.
"दोन वर्षं एकदाही चुकवला नाही गं," हे वर अभिमानाने.
शेवटचे तीन महिने तेही जमलं नाही, तेव्हा भाऊ दारात आले.

माझ्या वाढदिवसाचं वॉशिंग मशीनही त्यातलंच. मी त्याचे मजलाभर पेढे वाटले होते. आणि ते अजून आमचं झालेलंच नव्हतं.

पैशांपेक्षा मला लपवाछपवीचा राग आला. बॅग भरली. सकाळ होताच मुलीला घेऊन माहेरी निघाले.

दार उघडलं तर समोर पगारेभाऊ. रविवार होता ना!

त्यांनी बॅग बघितली.
"जायचं तर जा, वहिनी. पण लय घरं पाह्यलीत मी. बायको गेली की माणूस आधी हप्ता बुडवतो, मग नोकरी. तुम्ही हाय तवर हे घर सावरंल."

मी बॅग खाली ठेवली. नवऱ्यावरचा राग नाही ठेवला, तो बरेच दिवस पुरला.

मग भाऊंनी आम्हाला समोर बसवून समजावलं.
"मिनिममात नुसतं व्याज जातं, तेच भरत बसाल तर पोरीच्या लग्नापर्यंत फिटायचं नाय. बँकेला फोन करा, सगळ्या थकबाकीचा कमी व्याजाचा EMI मागा. कार्ड बंद. आणि थोडक्यात सेटल करून टाकू म्हणणारा भेटला तर ऐकू नका, रेकॉर्डवर डाग राहतो."

हे सांगून त्यांना एक पैसा मिळणार नव्हता.

EMI बसला सात हजार. घरखर्च कितीही पिळला तरी पाचच निघत होते. दोन कुठून आणायचे?

"हे मशीनच विकते," मी चिडून म्हणाले.
"विकता कशाला?" भाऊ म्हणाले. " त्यालाच लावा की कामाला."

पुढच्या रविवारी भाऊ स्कूटरवर पाच ब्लँकेटं बांधून हजर. अंबडला रूमवर राहणाऱ्या कामगारांची. त्यातल्या दोघांकडे ते वसुलीला गेले होते.
"हप्ता नाय दिला त्यांनी. म्हटलं, धुवायला ब्लँकेटं तरी द्या!"

एका ब्लँकेटचे ऐंशी रुपये.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, लॉन्ड्री काढलीस की काय?"
म्हटलं, "हो! द्या तुमच्या रजया."

इंदिरानगरच्या आमच्या गच्चीत संदीप दोऱ्या बांधायचा, मी वाळत घालायचे. थंडीत गच्ची पुरायची नाही. पावसाळ्यात धंदा बसला तर दारोदार फिरून पडदे आणि सोफ्याची कव्हरं मागून आणली. लाजबिज सगळी गुंडाळून ठेवली होती.

अठरा महिने.
एकही हप्ता चुकला नाही. आणि या वेळी खरा हप्ता!

बँकेचं नो ड्यूजचं पत्र आलं त्या दिवशी मी गच्चीत जाऊन ओरडले. अक्षरशः ओरडले. खालून वॉचमन काका धावत आले.

संदीपने पहिला फोन पगारेभाऊंना लावला. एकेकाळी ब्लॉक केलेल्या नंबरवर.

आज माझ्याकडे दोन मशीन आहेत. दुसरं रोख पैसे मोजून घेतलंय. आमच्या घरावर आज कुणाचा एक रुपया नाही, आणि नवरा माझ्यापासून काही लपवत नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते.

आज सिन्नरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच भेटत होते. कोण, कुठून, सांगायला लागले तर तिने माझा हातच धरला.

"ब्लँकेटवाल्या वहिनी ना? तुमचं कर्ज फिटलं त्या दिवशी हे नाचतच घरी आले. मला म्हनले, आज गोड कर. आमच्याकडं शिरा झाला व्हता त्या दिवशी."

मला हे माहीतच नव्हतं.

पगारेभाऊ, तुमच्या वहिनीचा शेवटचा जय भीम.