एकच जागा दोघांना

तुम्हाला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता आणि मी म्हणाले होते, तुमच्या पूर्वजांच्या हातचं पान पाठवते. ते पान आलं नाही. आईनं तुम्हाला सांगितलं की आजीचा कॉम्प्युटर बिघडला. तसं नव्हतं. काय झालं ते नीट क्रमानं लिहिते, कारण त्यात माझाही वाटा आहे.

पंचवटीत आपल्या घराण्याचे उपाध्याय आहेत. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो, वयानं ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांच्याकडे पाच जुन्या वह्या आहेत. कुणी श्राद्धाला नाशिकला आलं की गाव आणि आडनाव सांगतं, गुरुजी बरोबर पान काढतात, आणि तो माणूस स्वतःच्या हातानं घरच्यांची नावं लिहून खाली सही करतो. आपल्या पानावर सगळ्यात वर मोडीतल्या ओळी होत्या आणि सगळ्यात खाली तुमच्या आजोबांची सही, त्यांचे वडील गेले तेव्हाची.

"काकू, तुमचा कॉम्प्युटर आज जे करतो ते आमच्या वह्या कधीपासून करताहेत," गुरुजी मला चिडवायचे. "शिवाय वीज लागत नाही."

"वाळवी लागते ना पण," मी म्हणायचे.

आणि आपलं पान ज्या वहीत होतं, त्या सगळ्यात जुन्या वहीला ती खरंच लागली होती. वही अशी जीर्ण झाली की ती नवीन वहीत उतरवायची, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग पुन्हा ताडून पाहायचं, आणि सगळं जुळलं की जुनी वही गोदावरीत सोडायची, ही त्यांच्या घरातली रीत. वही उतरवायला त्यांच्या वडिलांना अख्खा पावसाळा लागायचा. गुरुजींचा मुलगा बंगळूरला. वाचायला दुसरं माणूस नाही.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मी तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला. हा माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी. आता त्याची अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटी कंपनी आहे. दवाखाने, शाळा, दुकानं यांच्यासाठी फायली साठवायची पेटी ते बनवतात. तिला कॅमेरेही जोडता येतात.

"मॅडम, पेटी भरली म्हणते आणि आत फायलीच नसतात," तो म्हणाला. "माझी सगळी टीम हरली. तुम्ही बघता का एकदा?"

निवृत्त माणसाला असं विचारलं की काय होतं ते तुम्हाला म्हातारपणी कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी इंदिरानगरच्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर त्याचा कोड उघडून बसले होते.

डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या लाखो खणांचं कपाट समजा. कोणता खण रिकामा, कोणता भरलेला, याचा एक नकाशा पेटी ठेवते. पहिली चूक मला आठ दिवसांत सापडली. फाइल कुणी वाचत असतानाच पुसली, तर तिचे खण नकाशात भरलेलेच राहत. म्हणून पेटी खोटं खोटं भरत होती. त्रासदायक, पण निरुपद्रवी.

ती शोधताना दुसरी दिसली आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कॅमेरा आणि दुसरं कुणी अगदी एकाच क्षणी जागा मागायला आले, तर दोघांनाही तोच खण रिकामा दिसायचा आणि पेटी तो दोघांनाही देऊन टाकायची. जो मागून लिहील त्याचं राहणार, आधीच्याचं जाणार. कुठे इशारा नाही, लाल दिवा नाही. जुनी फाइल कुणी उघडेपर्यंत कळणारच नाही.

मी त्यावर कुलूप लिहिलं. एकाचा खण नकाशात नोंदला जाईपर्यंत दुसऱ्यानं दाराशी थांबायचं. तीन आठवडे तपासलं. त्याला दोन्ही दुरुस्त्या पाठवल्या आणि बजावलं, "पहिली राहिली तर लोक कुरकुरतील. दुसरी राहिली तर त्यांचं नुकसान होईल."

"मॅडम, तुमचं सगळं घातलंय," त्याचा फोन आला. "जसंच्या तसं."

मी मग गुरुजींना ती पेटी घ्यायला सांगितलं. दारावरचा कॅमेरा तिलाच जोडला. पाचही वह्यांची पानं त्यांनी स्कॅन केली, भर गर्दीच्या दिवसांत, कॅमेरा चालू असतानाच. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काकू, आता हातानं उतरवायची गरज आहे का हो? तुम्ही सांगाल तसं."

मी म्हणाले, "पेटीत दोन डिस्क आहेत, गुरुजी. एक गेली तरी दुसरीवर सगळं तसंच्या तसं असतं."

वर्गात मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे की दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, पहिलीवर चुकीचं लिहिलं तर दुसरीही तेच इमानदारीनं लिहिते. त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही. कुलूप माझं होतं ना. गुरुजींनी अमावास्येला जुनी वही नदीत सोडली.

नंतर तुमच्या शाळेचं काम निघालं. मी पंचवटीत गेले. गुरुजींनी आपलं पान पडद्यावर उघडलं. वरच्या चार मोडी ओळी स्वच्छ. त्याखाली राखाडी आणि जांभळे पट्टे, थेट तळापर्यंत. आजोबांची सही जिथे होती तिथेही पट्टेच.

"हे काय हो, काकू?"

मला पाहताक्षणी कळलं होतं. मी म्हणाले, "बघते."

पेटी घरी आणली. चार दिवस डिस्कवरचा खण न् खण वाचला. त्या वहीतली एकोणीस पानं अर्धीमुर्धी होती. आपल्या पानाचा खालचा भाग जिथे हवा होता तिथे आता गुरुजींच्या दारातली एक दुपार होती. भाजीची पिशवी घेतलेली बाई, मागून स्कूटर. चित्र एकदम स्पष्ट. दुसऱ्या डिस्कवरही तीच बाई, तीच स्कूटर.

मग पेटीतला कोड पाहिला. पहिली दुरुस्ती होती. कुलूप होतं, पण ते चालवणारी ओळ बंद करून ठेवलेली.

मी रिक्षा करून अंबडला गेले. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"कुलूप कुणी काढलं?" मी विचारलं.

"मॅडम, काढलं नाही. तात्पुरतं बंद ठेवलंय."

"तू म्हणालास जसंच्या तसं घातलंय."

"घातलंच होतं. पण चार कॅमेरे लावले की व्हिडिओ अडकायचा. एका मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. व्हिडिओ अडकलेला लगेच दिसतो हो. आणि हे दुसरं... हे लाखात एकदा होणार."

"मला एक फोन करायचास. मी ते वेगवान करून दिलं असतं."

"तोपर्यंत बंद ठेवायला तुम्ही नाही म्हणाला असतात."

तो बरोबर बोलत होता. म्हणूनच त्यानं विचारलं नव्हतं. मग तो थोडा पुढे वाकला. "मॅडम, गुरुजींना डिस्क खराब निघाली म्हणून सांगितलं तर? मी पेटी बदलून देतो. तुमचं ते ऐकतील."

टेबलावर त्यांचं माहितीपत्रक पडलं होतं. त्यात छापलं होतं की पेटी एका ज्येष्ठ प्राध्यापिकेनं तपासलेली आहे. मी पाणी न पिता उठले.

पेटी परत नेऊन गुरुजींना मी सगळं सांगितलं. चूक, कुलूप, कुणी काय केलं, मी काय तपासायला हवं होतं आणि नाही तपासलं.

"काकू," ते म्हणाले, "त्या कंपनीचं मला नावही माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून मी वही सोडली."

त्यांनी नवं पान काढलं. पडद्यावर शाबूत उरलेल्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मी त्या बाळबोध लिपीत लिहून घेतल्या. मधल्या दोन पिढ्यांची नावं मला येत नव्हती. तिथे जागा कोरी सोडली. खाली माझ्या सासऱ्यांचं आणि आजोबांचं नाव लिहिलं, माझ्या अक्षरात.

पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याचा मेसेज आला, सोबत नवा कोड. कुलूप पुन्हा चालू केलंय, वेगही सुधारलाय, सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायच्या आधी मॅडमनी एकदा नजर टाकावी. मला ते न उघडता पुसून टाकायचं होतं. पण त्या पेट्या दवाखान्यांत आहेत, शाळांत आहेत, आणि तिथल्या कुणाला काहीच ठाऊक नाही. मी सहा दिवस तपासलं. या वेळी त्याच्या शब्दावर विसंबले नाही. तयार पेटी मागवून घेतली आणि पाच कॅमेरे लावून ती रात्रंदिवस चालवली. काम बरोबर होतं, अगदी नेटकं. मी शिकवलं तसं.

त्याला दोन ओळी पाठवल्या. "कुलूप बरोबर आहे, आजच सर्वांना पाठवा. माहितीपत्रकातून माझा उल्लेख काढा." तो विद्यार्थी असल्यापासून मी त्याला अरे-तुरे करत आले होते. त्या दिवशी तसं लिहिता येईना.

तेव्हापासून त्याचे फोन येतात. मी उचलत नाही.