बाबांचा ख्रिसमस शो

दोन हजार साल उलटलं तरी कार्डिफच्या आमच्या घरी ख्रिसमसच्या दुपारी टीव्हीवर सत्तरच्या दशकातलेच शो चालायचे. चमचमते पडदे, कापसाचा बर्फ, गाणी, नकला. बाबा रिटायर्ड डॉक्टर. खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि एकेका कलाकाराकडे बोट दाखवून सांगायचे, "हा एक्सपायर झाला. ही पण." पुण्याच्या वॉर्डातला तो शब्द त्यांनी इथे येऊनही सोडला नाही. इथेच वाढलेली मी वैतागायचे, "बाबा, इथे एक्सपायर फक्त दूध होतं!" आई डाफरायची, "अहो, सणाच्या दिवशी कसलं अभद्र बोलता?"

"अगं, मेलेली माणसं हसवतायत, याच्याहून शुभ काय?" असं म्हणून ते पोट धरून हसायचे.

ते गेले त्या वर्षीही तोच शो लागला. मी चॅनल बदलायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे." शेवटच्या गाण्याला सगळे हात हलवत उभे राहिले. कडेच्या टकल्या नकलाकाराकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा एक्सपायर झाला का गं?"

टीव्हीवरची नजर न काढता मी म्हणाले, "बाबांना विचार."