टाक्या पाठीवर चढल्या होत्या

मंडळी, तीन तास झाले, तरी माझी नाडी अजून शंभराच्या वर आहे.

आज मी आणि माझ्याबरोबर शिकलेली शैला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून स्कूबा डायव्हिंग करणार होतो. प्रशिक्षण बोटीवरून झालेलं. आपल्या घरच्या समुद्रात मात्र पहिलीच वेळ. लाटा कमरेच्या वर होत्या. मी घड्याळ लावून मोजलं: दोन मोठ्या लाटांमध्ये चाळीस सेकंद उसंत मिळत होती. आत शिरायला तेवढी पुरे. हवेच्या टाक्या पाठीवर चढल्या.

बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींनी विचारलं, "आत जाशील, पन भायेर कुठून येशील?"

"इथूनच."

"तवर पानी उतरंल. खडक उघडे पडतील. लाट आपटंल त्यावर."

भरती-ओहोटीचा तक्ता माझ्याच पिशवीत होता. मी फक्त आत जायची वेळ पाहिली होती. परत न्यायला बोट असते, हीच सवय.

"मासे किती आननार?"

"एकही नाही, मावशी."

"मंग घाई कसली?"

शैला हसली. मी टाकी उतरवली.

रविवारी पूर्ण भरतीच्या तासभर आधी उतरतोय, म्हणजे बाहेर येताना खडक पाण्याखाली असतील. मावशी किनाऱ्यावर उभ्या राहणार आहेत. तोवर झोप लागेल असं वाटत नाही.

मावशींच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सुचतंय?