पत्ता तोच, माल दुसऱ्याचा

पुण्यात कुणी अख्खा पत्ता सांगत नाही. पत्ता तुकड्या-तुकड्यांनी वाटतात. विदर्भातून बसनं मी स्वारगेटला उतरलो, तेव्हा माझी बॅग एवढी जड होती की ती खाली ठेवताच बस हातभर वर उचलली गेली. भाड्याच्या खोलीचा पत्ता विचारला, तर पहिल्यानं मारुतीच्या देवळापर्यंतचाच दिला. "आणि पुढे?" "पुढचं तिथे विचारा." देवळापाशी बसलेल्यानं मला आधी पायापासून शेंडीपर्यंत न्याहाळलं, या माणसाला गल्लीत सोडायला हरकत नाही असं ठरवलं आणि मग फक्त पुढचा कोपरा सांगितला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे मी दुसऱ्यांदा गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मघाशी नाही म्हणालो ना? मग आताही नाही."

मला पार खोलीपर्यंत नेऊन सोडणारा एकच पुणेकर भेटला. पुढे नोकरी लागली, तर शेजारच्या खुर्चीत तोच, आणि तो माझा मित्र झाला. ही गोष्ट मी ऑफिसात इतक्या वेळा सांगितली की दर वेळी माझी बॅग जड आणि त्याचं मन मोठं होत गेलं.

आमचं कामही पत्ते शोधण्याचंच. संगणकाच्या गाभ्यात कर्नेल नावाचा प्रोग्रॅम असतो. आपण फाइलचा लांबलचक पत्ता देतो: डिरेक्टरी म्हणजे फाइलींचा कप्पा, तिच्या आत डिरेक्टरी, शेवटी फाइल. कर्नेल तो पुणेरी पद्धतीनं शोधतो. एका वेळी एकच नाव. दर दारात विचारायचं, या नावाचं आत कुणी आहे का आणि या माणसाला आत सोडायचं का. सापडलेलं तो लक्षात ठेवतो. न सापडलेलंही लक्षात ठेवतो, त्या दुकानदारासारखं. पुन्हा आत डोकावायचे कष्ट घेत नाही.

हे सगळं मी मित्राला शिकवलं. आईनं पाठवलेला ठेचा त्यानं निम्मा संपवला आणि माझी विद्या पूर्ण. एकदा मंडईत वांगी निवडता निवडता मी त्याला माउंट, म्हणजे एका डिरेक्टरीवर दुसरी चढवणं, समजावलं होतं. "हे बघ बे, या मावशीच्या टोपल्यांवर फळी टाकून कुणी आपला माल मांडला, तर गिऱ्हाइकाला वरचाच दिसेल. खालचा जागच्या जागी, पण रस्त्यानं येणाऱ्याला तिथवर पोचता येत नाही. मावशी मात्र आधीपासून आत बसली आहे. तिचा हात अजून जुन्याच टोपलीत."

"आणि मावशी उठली तर?"

"उठून रस्त्यानं परत आली, तर तिलाही वरचाच माल."

मावशी म्हणाल्या, "वांगी घेताय का शाळा भरवताय?"

मी त्या काळात एक मोठं काम करत होतो. हजारो प्रोग्रॅम एकाच वेळी पत्ते विचारतात. प्रत्येक दाराला कुलूप लावत-काढत गेलं की रांग तुंबते. मी असं जमवलं की कुलूप न लावता चालत सुटायचं आणि वाटेत कुणी पाटी हलवली असं लक्षात आलं, तर मागे येऊन पुन्हा चालायचं. वेग असा की उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं, असं मी कॅन्टीनमध्ये सांगत असे. या कामासाठी नवी टीम निघणार होती आणि ज्याचं काम, तोच तिचा प्रमुख. पूर्ण झाल्याशिवाय कोड कंपनीच्या कोठारात टाकायचा नाही, ही माझी खोड. सर्व्हरवर आम्हा दोघांची एक डिरेक्टरी होती, तिच्यात तो पडून असे. त्या सर्व्हरची मालकी हक्काची किल्ली, म्हणजे काहीही चढवता-उतरवता येणारा पासवर्ड, मित्राकडे होती. त्याला ती द्या, म्हणून शब्द मीच टाकला होता.

दाखवायच्या सकाळी मॅडमनी, म्हणजे आमच्या साहेबीणबाईंनी, मीटिंगच्या खोलीतल्या संगणकावर स्वतः पूर्ण पत्ता टाइप केला. फाइली उघडल्या. कोड माझा, ओळ न् ओळ माझी, आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर नाव मित्राचं.

"यांचं काम दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कुठाय?"

मित्र छताकडे बघत होता. पंखा पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.

माझ्या पायाखालची अख्खी इमारत सरकली. पण मला एक आठवलं. माझ्या टेबलावरच्या संगणकात उघडलेली एक खिडकी मी कित्येक दिवस बंदच केली नव्हती आणि ती त्या डिरेक्टरीच्या आत उभी होती. मी धावलो. आत पाहिलं, तर माझ्या सगळ्या फाइली, माझ्या नावासकट. यानं आपली प्रत आणून माझ्या कामावर माउंट केली होती! मी आत बसलेली मावशी होतो.

"मॅडम, इकडे या राजेहो! सगळे या!"

सगळे आले. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? गुपचूप फाइली दुसरीकडे उतरवून घेईल. मी पडलो तमासगीर. मला पत्ता सगळ्यांसमोर सुरुवातीपासून चालून दाखवायचा होता. "बघा, हाच पत्ता, हेच दार," म्हणत, कुणी पडद्याकडे नीट बघायच्या आधीच मी एक पायरी बाहेर आलो आणि ऐटीत परत आत शिरलो.

पडद्यावर मित्राचं नाव.

मी उठलो होतो. रस्त्यानं आलो होतो. वरची फळी काढायला किल्ली लागते, आणि ती त्याच्याकडे.

"आम्ही हेच पाहिलं ना आत्ता?" मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

जिन्यात मी त्याला गाठलं. "काय केलंस बे हे?"

"ओरडू नकोस. तुझं सगळं खाली जसंच्या तसं आहे. संध्याकाळी काढतो मी."

"का पण?"

"तू प्रमुख झाला असतास, तर जन्मभर ती बॅगेची गोष्ट ऐकावी लागली असती."

संध्याकाळी त्यानं खरंच काढलं. माझ्या फाइली परत दिसू लागल्या, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना दाखवायला गेलो.

"आता दोन प्रती आहेत," त्या म्हणाल्या. "तारखा काय, कुणालाही बदलता येतात. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण बस हातभर वर उचलली गेली होती, असं तुम्हीच सांगता ना?"

बस जागची हललीही नव्हती, असं मी कबूल केलं. माझ्या बाबतीत हे कधी घडलं नव्हतं, आणि ही काही मारलेली थाप नाही.

आता टीम त्याची आहे. माझा कोड उत्तम चालतो, असं तो बैठकीत सांगतो. फक्त 'माझा' हा शब्द त्याच्या तोंडी असतो. परवा आईचा ठेचा आला. डब्याचं झाकण निघताच तो वासावर टेबलापाशी आला.

"जेवायला येतोयस ना?"

"नाही," मी म्हणालो. त्याचा प्रश्न संपायच्या आधीच.