छतापर्यंतची भिंत

बाबा, म्हणजे माझे सासरे, अंगणातल्या संडासाच्या पायरीवर पडले तेव्हा मी गॅसवर चहा ठेवत होते. पौषातली सकाळ, धुकं असं की अंगणातली तुळससुद्धा दिसेना. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, कंपू भागातल्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरनी बजावलं की आता पायरी चढायची नाही, उकिडवं बसायचं नाही. कमोड हवा, भिंतीला धरायला दांडे हवेत.

आमच्याकडे संडास अंगणात आणि न्हाणीघर आत, देवघराला लागून. हे मुद्दाम तसं. बाबा पहाटे उठून अंघोळ करायचे, तिथेच सोवळं नेसायचे आणि कुणाला शिवू न देता थेट देवापुढे बसायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच बघत आले. सासूबाई गेल्या, त्यांचं सुतक फिटलं त्या दिवशीही पहाटे त्यांची घंटा वाजली होती.

कमोडला जागा एकच होती, न्हाणीघरात. खोलीवर खोली चढवायला आमचं घर काही राजवाडा नाही. माझे यजमान म्हणाले, "आजकाल सगळ्यांकडे एकत्रच असतं." इथल्या हिंदी मुलखात वाढलेली आमची मुलगी मोबाईलवर फोटो दाखवायला लागली, "आजोबा, देखो ना, कितना सुंदर लगेगा!"

बाबांनी फोटो बघितले नाहीत. म्हणाले, "करा. फक्त मध्ये भिंत घाला. छतापर्यंत. जिथे संडास तिथे अंघोळ करून मी देवाला हात लावणार नाही."

"घालतो ना भिंत," हे म्हणाले.

मग आम्ही नई सडकेवरच्या बाजारात टाइल्स बघायला गेलो. पाय घसरणार नाही अशी खरखरीत फरशी, स्टीलचे दांडे, उंच कमोड, हाताने धरायचा शॉवर. यांचा उत्साह विचारू नका, जसं काही मुलीचं लग्नच ठरलंय. बाबांना रंग विचारला. "कुठलाही," म्हणाले.

जुनी दगडी फरशी उखडली, त्या दिवशी मिस्त्रीने फीत लावून बघितलं आणि मान हलवली. "दीवार बनाओगे तो वॉकर नहीं घूमेगा, साहब." भिंत घातली तर बाबा आत वळू शकत नाहीत, आणि वळायला जागा ठेवली तर भिंत होत नाही. मी म्हटलं, "अहो, बाबांना विचारा तरी." हे म्हणाले, "विचारलं तर नाहीच म्हणतील. मग काय, परत पायरीवर पाठवू त्यांना?" कप्पाळ माझं! भिंतीऐवजी प्लास्टिकचा पडदा आला. त्यावर निळे डॉल्फिन. मुलीने निवडला.

काम पुरं झालं. इतके दिवस खाटेवरच अंग पुसून घेणारे बाबा पहिल्यांदा वॉकर धरून आत गेले. यांनी पडदा सरकवून दाखवला. बाबा बराच वेळ त्या माशांकडे बघत राहिले. स्टुलावर बसून अंघोळ केली, सोवळं नेसले. मी देवघरात निरांजनात वात घालून ठेवली होती, इतक्या दिवसांनी बसणार म्हणून. ते देवघराच्या दारापर्यंत आले, चौकट धरून उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही.

"सूनबाई, आजपासून पूजा तू कर."

"बाबा, मी पण तिथेच अंघोळ केली ना!"

"तुझं चालेल. तू तसं मानत नाहीस. मी मानतो."

मला इतका राग आला! यांचा, त्या मिस्त्रीचा, मेल्या डॉल्फिनांचा, आणि खरं सांगायचं तर देवांचाही. इतकी वर्षं एका माणसाकडून सेवा घेतली, आता एक शब्द तरी बोलावा की नाही?

दुसऱ्या दिवशी मी पाणी काढलं आणि हाक मारली. बाबा म्हणाले, "आता कशाला घाई?" मग अंघोळ दुपारवर गेली, मग एक दिवसाआड, मग सांगितलं तरच. पहाटे उठणं सुटलं. चालायला शिकवणारा यायचा, त्याला म्हणायचे, "कल देखेंगे." वॉकर कोपऱ्यात, त्यावर आता टॉवेल वाळतात. सुरुवातीला पलंगावरून विचारायचे, "गंध उगाळलंस का?" आता तेही विचारत नाहीत. मी घंटा वाजवते तेव्हा तोंड भिंतीकडे करून पडलेले असतात.

परवा पाहुणे आले होते. यांनी हौसेने बाथरूम दाखवलं, दांडे हलवून दाखवले. म्हणाले, "बघा, तेव्हापासून बाबा एकदाही पडले नाहीत."

मी चहाचा ट्रे आपटलाच. म्हटलं, "उठले तर पडतील ना!"

दारातून दिसलं, पलीकडच्या खोलीत बाबा जागे होते. त्यांनी ऐकलं. पांघरूण तेवढं डोक्यावर ओढून घेतलं.