खोगिराचा तंग
मुशी माशाच्या तेलाचा वास आला की मांडव्याच्या किनाऱ्यावरची ती सकाळ आठवते. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. रेवदंड्यापर्यंत घोड्यांची शर्यत होती. निघण्याआधी खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, घरच्या माणसानं बोटं घालून तपासायचा, अशी आमच्याकडे रीत होती. आई गेल्यावर माझ्या घरी कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या स्वाराची बायको नवऱ्याच्या तंगाला तेल चोळून माझ्याकडे वळली. “तुमचा कोन न्हाय आला?” “येतील,” मी उगाच म्हणालो. तिनं तेलकट बोटं माझ्या पट्ट्याखाली घातली. “घोड्यान पोट फुगवलाय, ढिला हाय. उतारावर खोगीर फिरंल,” म्हणत तिनं तो गच्च आवळला. शर्यत कोण जिंकलं ते आठवत नाही. घोडाही कधीच गेला. पण अजून घराला कुलूप लावून निघताना मी पायरीवर जरा थांबतो, कुणीतरी तपासून सोडेल म्हणून.